प्रतींचे एकमत आणि नोंदीचे सत्य : बहुप्रादेशिक वितरित एसक्यूएल डेटाबेसच्या सिद्धान्ताची कर्जत-खालापूरच्या जमीन-अभिलेखांच्या आधारे समीक्षा

प्रस्तावना

गूगलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये 'स्पॅनर' या प्रणालीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच डेटाबेसच्या प्रती परस्परांपासून शेकडो किलोमीटर अंतरावरील केंद्रांत ठेवूनही व्यवहारांचा क्रम व काटेकोरपणा राखता येतो, हे या निबंधाने दाखवून दिले. पुढील दशकात कॉक्रोचडीबी, टायडीबी, युगाबाइटडीबी यांसारख्या प्रणाली त्याच विचारातून निर्माण झाल्या आणि २०२५ मध्ये अॅमेझॉनची 'ऑरोरा डीएसक्यूएल' ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. या सर्वांना मिळून आता 'वितरित एसक्यूएल' अशी संज्ञा रूढ झाली आहे. वेग, टिकाऊपणा आणि अनेक प्रदेशांत एकच अचूक चित्र ही तीन आश्वासने या प्रणालींच्या केंद्रस्थानी आहेत.

या आश्वासनांचे मूल्यमापन बहुधा बँका, विक्री-संकेतस्थळे वा जाहिरात-व्यवसाय यांच्या उदाहरणांनी केले जाते. शासकीय अभिलेखाची कसोटी त्यांना क्वचितच लावली जाते. प्रस्तुत समीक्षेत ही कसोटी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या जमीन-अभिलेखांची घेतली आहे. मुंबई व पुणे या दोन महानगरांच्या मध्ये, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यांत २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गानंतर जमिनीची मागणी झपाट्याने वाढली. शेतघरे, गृहप्रकल्प, उद्योग आणि ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या एकाच नकाशावर शेजारीशेजारी आल्या. अशा ठिकाणी सातबाऱ्यावरील एका ओळीला कुटुंबाच्या उपजीविकेइतके मोल असते. महाराष्ट्राचे भूमी-अभिलेख आज कोणत्या डेटाबेस-प्रणालीवर चालतात, हा येथील विषय नाही. एका सिद्धान्ताची आश्वासने अशा अभिलेखाला कितपत पुरी पडतात, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

सिद्धान्ताची जडणघडण

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सर्व माहिती एकाच यंत्रावर असल्याचे जणू गृहीतच होते. माहितीचा व्याप वाढला तेव्हा ती अनेक यंत्रांवर विभागणे भाग पडले. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, यंत्रांमधील संपर्क तुटला असता सुसंगती व उपलब्धता या दोहोंपैकी एकीचा त्याग करावा लागतो. पहिल्या पिढीतील अनेक प्रणालींनी उपलब्धता निवडली. २००७ मध्ये अॅमेझॉनने वर्णन केलेली 'डायनॅमो' ही प्रणाली त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे दोन प्रतींत काही काळ भिन्न माहिती असणे क्षम्य मानले गेले.

स्पॅनरच्या कर्त्यांनी ही तडजोड नाकारली. व्यवहारांचा अतिवापर झाल्याने वेग मंदावला तर त्यावर उपाय शोधता येतो. परंतु व्यवहारांची सोयच नसेल, तर प्रत्येक प्रोग्रॅमरला ती उणीव आपल्या बुद्धीने भरून काढावी लागते, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका त्या निबंधाचे खरे बलस्थान आहे. नोंदीची अचूकता सांभाळण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर न ढकलता प्रणालीने स्वतःकडे घेतली.

यामागील रचना थोडक्यात अशी : प्रत्येक माहिती-खंडाच्या तीन किंवा पाच प्रती निरनिराळ्या केंद्रांत असतात व त्यांपैकी एक प्रत अग्रणी असते. बदल करावयाचा झाल्यास तो बहुसंख्य प्रतींनी स्वीकारल्याखेरीज पक्का होत नाही. तीन प्रती असतील तर एक, पाच असतील तर दोन केंद्रे बंद पडूनही काम चालू राहते. हे एकमत घडवण्याची रीत लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 'पॅक्सॉस'मधून (१९९८) किंवा ओंगारो व औस्टरहाउट यांच्या 'राफ्ट'मधून (२०१४) घेतलेली असते. स्पॅनरने त्यात घड्याळाची भर घातली. उपग्रह-संकेत व आण्विक घड्याळे यांच्या साह्याने प्रत्येक केंद्राला वेळ कळतेच, शिवाय त्या वेळेतील अनिश्चितता किती हेही कळते. ती अनिश्चितता बहुतेक वेळा सात मिलिसेकंदांच्या आत राहते. व्यवहार पक्का करण्यापूर्वी प्रणाली तेवढा काळ थांबते, म्हणून आधी पूर्ण झालेल्या व्यवहाराला नेहमी आधीचीच वेळ मिळते.

तालुक्याचे दप्तर : एक जुनी वितरित व्यवस्था

जमीन-अभिलेखाची परंपरागत रचना पाहिली असता ती मुळातच वितरित असल्याचे दिसते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार-अभिलेख, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही आणि नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. हे दप्तर तलाठ्याच्या सजात असे, वरची देखरेख मंडळ अधिकाऱ्याची व तहसीलदाराची. खरेदीखताची नोंदणी मात्र दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे स्वतंत्र खात्याच्या स्वतंत्र कार्यालयात होई. एकाच हस्तांतरणाच्या खुणा दोन ठिकाणी उमटत आणि त्या जुळवण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ नुसार निबंधकाकडून महसूल यंत्रणेला सूचना जाई.

फेरफाराची कार्यपद्धती तर डेटाबेसच्या अभ्यासकाला विशेष ओळखीची वाटावी. कलम १५० नुसार नोंद प्रथम नमुना सहामध्ये घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी ठेवला जातो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच ती सातबाऱ्यावर पक्की होते. हस्तलिखित दप्तराच्या काळात या मधल्या अवस्थेतील नोंद सातबाऱ्यावर पेन्सिलीने केली जाई व प्रमाणित झाल्यावर शाईने. वितरित डेटाबेसमधील 'द्विचरण निश्चिती'त हाच क्रम आहे : आधी सर्व सहभागींची तयारी विचारणे, मग निर्णय पक्का करणे.

केंद्र शासनाने भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. महाराष्ट्रातील वर्धा हा त्यांपैकी एक. पुढे तालुका हे या कामाचे एकक ठरले. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, त्यानंतर राज्यात ई-फेरफार प्रकल्पाने निबंधक कार्यालय व महसूल यंत्रणा संगणकाद्वारे जोडल्या आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. दप्तर सजातून तालुक्याला व तालुक्यातून दूरच्या केंद्राकडे सरकत गेले. ते जितके दूर गेले, तितका त्याच्या टिकाऊपणाचा व एकसंधतेचा प्रश्न संगणकशास्त्राचा झाला.

वेगाचे आश्वासन

प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर वेगाने जातो. मुंबई व हैदराबाद यांतील सरळ अंतर सुमारे ६२० किलोमीटर धरल्यास जाऊन-येऊन किमान सहा मिलिसेकंद लागतात. मुंबई-दिल्लीसाठी सुमारे बारा. प्रत्यक्ष केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने काळ याहून अधिक लागतो. बहुमताशिवाय बदल पक्का होत नसल्यामुळे हा काळ प्रत्येक लेखन-व्यवहाराला द्यावाच लागतो. डॅनियल अबादी यांनी म्हणूनच ब्रूअर यांच्या प्रमेयाला पुरवणी जोडली : संपर्क तुटलेला नसतानाही सुसंगती व विलंब यांत निवड करावीच लागते.

या आकड्यांचे महत्त्व प्रसंगानुरूप ठरते. एका फेरफारासाठी प्रोग्रॅमने चाळीस प्रश्न एकामागून एक दूरच्या केंद्राला विचारले, तर बारा मिलिसेकंदांचा अर्धा सेकंद होतो आणि असे शेकडो वापरकर्ते एकाच वेळी आले तर कार्यालयातील पडदा थिजल्यासारखा वाटतो. येथे दोष अंतराचा नसून प्रोग्रॅमच्या रचनेचा असतो. उलट पंधरा दिवसांची वाट पाहणाऱ्या व्यवहारात निश्चितीला सहा मिलिसेकंद लागले की साठ, याने काहीच फरक पडत नाही.

वितरित एसक्यूएलच्या प्रचारात 'कोठूनही लिहा' या क्षमतेवर दिला जाणारा भर त्यामुळे येथे गैरलागू ठरतो. कर्जतच्या गटांचे फेरफार कर्जतचेच अधिकारी प्रमाणित करतात, खालापूरचे खालापूरचे. लेखन स्वभावतः स्थानिक आहे, वाचन मात्र सर्वदूर आहे : वारसदार मुंबईत, खरेदीदार पुण्यात, बँक अलिबागेत. ज्या प्रणालींत प्रत्येक ओळीचे 'मूळ गाव' ठरवून तिची अग्रणी प्रत जवळच्या केंद्रात ठेवता येते, त्या या गरजेला अधिक अनुरूप आहेत.

वाचनाचेही दोन प्रकार करावे लागतात. पीक-कर्जाच्या अर्जासोबत जोडण्याचा उतारा काही मिनिटांपूर्वीच्या प्रतीवरून दिला तरी हरकत नसते. छापील उतारा तसाही छापल्या क्षणापासून जुना होऊ लागतो. परंतु खरेदीखतावर सही करण्यापूर्वी पाहिलेला सातबारा अद्ययावतच असला पाहिजे आणि त्यावर प्रलंबित फेरफारही दिसला पाहिजे. या दोन वाचनांना एकच नियम लावणारी रचना एकतर विनाकारण मंद ठरते वा घातक ठरते.

टिकाऊपणाचे आश्वासन

दक्षिण कोरियात डेजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली एकाच वेळी बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहितीची दुसरीकडे प्रतच नव्हती. ती नष्ट झाली. याउलट एस्टोनियाने २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून जमीन-नोंदवहीसह आपल्या महत्त्वाच्या अभिलेखांच्या प्रती परदेशात ठेवण्याची सोय केली. अनेक प्रदेशांत प्रती ठेवण्याच्या बाजूने याहून प्रभावी युक्तिवाद देता येणार नाही.

तथापि, प्रतींची संख्या आणि त्यांचे परस्पर-स्वातंत्र्य या भिन्न गोष्टी आहेत. ब्रूअर यांनी २०१७ मध्ये स्पॅनरविषयी लिहिताना त्याची उपलब्धता ९९.९९९ टक्क्यांहून अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे पाच मिनिटांपेक्षा कमी खंड, असल्याचे नमूद केले. परंतु त्याचे श्रेय त्यांनी मुख्यतः गूगलच्या स्वतःच्या खासगी जाळ्याला व ते चालवणाऱ्यांच्या अनुभवाला दिले. सिद्धान्त उसना घेता येतो, जाळे घेता येत नाही. सामान्य जाळ्यावर काय घडू शकते हे गिटहबच्या २१ ऑक्टोबर २०१८ च्या घटनेतून दिसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राशी संपर्क केवळ ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात दोन्ही किनाऱ्यांवरील प्रतींत परस्परांकडे नसलेले बदल लिहिले गेले आणि सेवा पूर्ववत होण्यास २४ तासांहून अधिक काळ लागला. तेथील प्रतिरूपण बहुमताच्या तत्त्वावर नव्हते. वितरित एसक्यूएलमध्ये असा दुभंग टळतो. मात्र त्याची किंमत म्हणून अल्पमतातील बाजूला लेखन थांबवावे लागते.

कर्जत-खालापूरच्या भूगोलाकडे पाहिल्यास स्वातंत्र्याचा हा प्रश्न मूर्त होतो. एक प्रत मुंबईत व दुसरी पुण्यात ठेवणे सोयीचे वाटते, कारण दोहोंत सरळ अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. परंतु लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही याच दोन तालुक्यांतून बोरघाट चढतात, आणि दळणवळणाच्या केबल सामान्यतः मार्गांच्या कडेनेच टाकल्या जातात. ज्या घाटात पावसाळ्यात दरड कोसळणे नित्याचे आहे, त्यावर दोन प्रतींचा संपर्क अवलंबून असेल, तर कागदावर स्वतंत्र असलेल्या प्रती व्यवहारात परस्परावलंबी ठरतात. विजेबाबतही तेच. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांनी या परिसरातून मुंबईला वीज पुरवली. त्याच मुंबईचा, तसेच ठाणे व नवी मुंबईचा पुरवठा १२ ऑक्टोबर २०२० रोजी एकदमच खंडित झाला. मुंबई व नवी मुंबई ही दोन 'केंद्रे' असू शकतात, दोन 'प्रदेश' नव्हेत. बहुमतातील तिसरी प्रत म्हणूनच घाटापलीकडे, वेगळ्या वीजजाळ्याच्या भागात व वेगळ्या मार्गाने पोहोचता येईल अशी हवी.

याहून मूलभूत मर्यादा डोंगराच्या बाजूला आहे. माथेरानची छोटी रेल्वे २००५ च्या अतिवृष्टीनंतर २००७ पर्यंत बंद राहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि मदत पायवाटेनेच पोहोचवावी लागली. अशा वेळी दूरच्या शहरांतील प्रती अबाधित राहतात, हे खरे. पण त्यानंतरच्या वारस-नोंदीसाठी जे ठाऊक असावे लागते — कोण गेले, कोण मागे राहिले, कोणाचा हिस्सा कोणता — ते वाडीतील माणसांनाच ठाऊक असते. माहितीच्या प्रती करता येतात; साक्षीदारांच्या करता येत नाहीत. टिकाऊपणाची व्याख्या केवळ केंद्रांपुरती करणारा सिद्धान्त या टोकाला अपुरा पडतो.

क्रमाचे आश्वासन आणि कायद्याचा क्रम

स्पॅनरचे सर्वांत अभिमानास्पद वैशिष्ट्य म्हणजे व्यवहारांचा निःसंदिग्ध क्रम. जमिनीच्या दुबार विक्रीत प्रश्न नेमका क्रमाचाच असतो, त्यामुळे येथे हा सिद्धान्त सर्वाधिक उपयुक्त ठरेल अशी अपेक्षा निर्माण होते. परंतु नोंदणी अधिनियम, १९०८ यातील तरतुदी पाहिल्यास चित्र बदलते. कलम २३ नुसार दस्त निष्पादित झाल्यापासून सामान्यतः चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करता येतो आणि कलम ४७ नुसार नोंदणीकृत दस्ताचा अंमल नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर नोंदणीची आवश्यकताच नसती तर तो जेव्हापासून सुरू झाला असता, तेव्हापासून सुरू होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका गटाचे खरेदीखत १ जूनला निष्पादित झाले व २० सप्टेंबरला नोंदणीसाठी सादर झाले. दरम्यान त्याच विक्रेत्याने तोच गट १० जुलैला दुसऱ्याला विकून त्याच दिवशी नोंदणी केली. दुसऱ्या खरेदीदाराने सातबारा पाहिला तेव्हा सर्व प्रती एकमुखाने निर्वेध होत्या. त्याचा फेरफार ऑगस्टमध्ये प्रमाणितही झाला. डेटाबेसच्या दृष्टीने क्रम निर्दोष आहे. तरीही कायदा पहिल्या खरेदीदाराकडे झुकू शकतो. प्रणालीने घड्याळातील सात मिलिसेकंदांची अनिश्चितता दूर केली, कायद्याने दिलेली चार महिन्यांची अनिश्चितता तशीच राहिली. ती दूर करणे हे कायदेमंडळाचे काम आहे. वेगवान डेटाबेस विकत घेऊन ते साधत नाही.

एकमत आणि सत्य

सर्व प्रतींत सारखीच नोंद असणे आणि ती नोंद खरी असणे, या दोहोंमधील अंतर हा या समीक्षेचा मध्यवर्ती मुद्दा आहे. महसूल संहितेचे कलम १५७ अधिकार-अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानते. तर फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावरनी प्रकरणासह वारंवार स्पष्ट केले आहे. नोंद म्हणजे खंडनीय गृहीतक होय. एकमताची कार्यपद्धती या गृहीतकाच्या सत्यतेत कणभरही भर घालत नाही. ती केवळ त्याच्या प्रती सारख्या ठेवते.

या दोन तालुक्यांत याचा अर्थ गंभीर आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर संहितेच्या कलम ३६ व ३६ अ यांचे निर्बंध आहेत. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे. सातबाऱ्यावर हे संरक्षण बऱ्याचदा 'इतर हक्क' या रकान्यातील एका शेऱ्याच्या रूपात असते. हस्तलिखितावरून संगणकात उतरवताना असा एखादा शेरा गळाला, तर उत्तम वितरित डेटाबेस ती चूक काही मिलिसेकंदांत तीन शहरांत पोहोचवील आणि कोणत्याही आपत्तीपासून तिचे रक्षण करील. जुन्या व्यवस्थेत तालुक्याच्या व सजाच्या प्रतींत तफावत असे, तो तिचा दोष होता. परंतु त्या तफावतीमुळेच चूक उघडकीस येण्याची शक्यताही असे.

संगणकीकृत व हस्तलिखित सातबारा जुळवण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी-वाचन घेण्यात आले. गावासमोर नोंदी वाचून दाखवणे व हरकती ऐकणे ही पद्धत कोणत्याही शोधनिबंधात आढळणार नाही. पण सत्य तपासण्याचे काम तिने केले, प्रतींच्या एकमताने नव्हे. कलम १५० मधील पंधरा दिवसांचा अवधीही याच प्रकाशात पाहावयास हवा. स्पॅनर थांबते ते सर्व घड्याळांचे जुळावे म्हणून. कायदा थांबतो तो हितसंबंधित माणसाला बोलता यावे म्हणून. पहिली प्रतीक्षा जितकी कमी तितकी चांगली. दुसरी कमी करणे ही सुधारणा नव्हे.

समारोप

वितरित एसक्यूएलच्या सिद्धान्ताने व्यवहारांची काटेकोरता विस्तीर्ण अंतरावर शक्य करून दाखवली, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. एका इमारतीच्या आगीत वा एका शहराच्या वीजखंडात लाखो खातेदारांचे अभिलेख गमावण्याची पाळी येऊ नये, यासाठी शासकीय अभिलेखांना या विचाराची गरज आहे. मात्र कर्जत-खालापूरच्या कसोटीवर त्याची आश्वासने निरनिराळ्या वजनाची ठरतात : टिकाऊपणा अत्यावश्यक, पण घाट व वीजजाळे ध्यानात घेऊन नियोजिलेला, वेग दुय्यम आणि बहुतांशी प्रोग्रॅमच्या शिस्तीवर अवलंबून, सर्वत्र-लेखनाची क्षमता जवळजवळ अनावश्यक, आणि क्रमाची हमी मोलाची, परंतु कायद्याच्या क्रमाहून वेगळी.

यातून निघणारी अपेक्षा अशी की, अशा प्रणालीचा आराखडा करताना नोंदीसोबत तिचा पूर्वेतिहासही प्रत्येक प्रतीत राहावा : मूळ हस्तलिखित पानाची प्रतिमा, दस्ताच्या निष्पादनाचा व नोंदणीचा स्वतंत्र दिनांक, प्रलंबित व विवादग्रस्त अवस्था, आणि कलम १५५ खाली झालेली प्रत्येक दुरुस्ती. पेन्सिलीच्या नोंदीला जुन्या दप्तरात जे स्थान होते, ते नव्या डेटाबेसमध्येही मिळाले पाहिजे. महाविद्यालयांत डेटाबेस हा विषय शिकवताना एकमताच्या कार्यपद्धतीशेजारी फेरफाराची कार्यपद्धती मांडल्यास, यंत्राने काय पक्के होते आणि माणसाने काय पक्के करावे लागते, हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्ट होईल. वाडीवरच्या खातेदाराच्या दृष्टीने त्याचा उतारा किती शहरांत आहे यापेक्षा तो खरा आहे की नाही आणि खरा नसेल तर त्याचे ऐकून घेतले जाईल की नाही, हाच प्रश्न निर्णायक आहे.